बाबांचं टर्नटेबल

आमच्या घरात खरेदीचं खातं माझ्याकडे आहे, आणि मी ते इतक्या काटेकोरपणे सांभाळतो की बायको मला टोस्टर आणायला सांगायलाही कचरते. टोस्टर म्हटला की मी आधी एक्सेलची फाइल उघडतो. मग रिव्ह्यू वाचतो, रिव्ह्यू लिहिणारा माणूस विश्वासार्ह वाटतो का ते बघतो, कुपन शोधतो, सेलची वाट बघतो. दीड महिन्यानं टोस्टर घरात येतो तोवर सगळ्यांची टोस्टवरची वासना उडालेली असते. अशा माणसावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या वडिलांसाठी डीजेचं सामान घ्यायची वेळ आली.

बाबा नागपूरचे. दिवसा सरकारी कचेरीत नोकरी आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत तबल्याचा क्लास, असं त्यांनी चाळीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांना उजव्या बाजूला अर्धांगाचा हलका झटका आला. त्यातून ते पुष्कळ सावरले. चालतात, बोलतात, हातानं जेवतात. पण उजव्या हाताची बोटं एकेकटी उठेनाशी झाली. उठली तर चारी मिळून उठतात. आणि तबल्याचा सगळा कारभार एकेकट्या बोटाचा. त्यांनी तबला-डग्गा गवसणीत घालून कपाटावर ठेवला आणि क्लासची पाटी स्वतः उतरवली. आई काही वर्षांपूर्वीच गेलेली, त्यामुळे त्या घरात आता बोलायलाही कोणी नव्हतं. ऑक्टोबरात मी त्यांना हट्टानं परदेशी माझ्या घरी, वाळवंटातल्या चँडलर शहरात घेऊन आलो. परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं.

चँडलरमध्ये पाहुण्यांना दाखवण्यासारखं म्हणजे ऊन आणि निवडुंग. बाबा रोज सकाळी फिरायला जात आणि कोणीच भेटलं नाही म्हणून परत येत. "इथले लोक गाड्यांतच राहतात काय रे?" असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात विचारलं. मग त्यांना लायब्ररीचा शोध लागला आणि जरा बरं झालं.

त्याच लायब्ररीत एका शनिवारी सकाळी एक डीजे आला होता. टेबलावर दोन टर्नटेबलं, म्हणजे तबकड्या वाजवायची यंत्रं, मांडून तो तबकडी हातानं पुढेमागे ढकलायचा आणि तिच्यातून खर्रखर्र, चिक्‌चिक्‌ असे आवाज काढायचा. याला स्क्रॅच म्हणतात एवढं मला ठाऊक होतं, आणि तो प्रकार मला कधीच आवडला नव्हता. मी बाबांना बाहेर काढायच्या बेतात होतो. बघतो तर ते पहिल्या रांगेत जाऊन उभे, आणि डाव्या तर्जनीनं मांडीवर मात्रा मोजताहेत.

"अरे, हा कायदा वाजवून राहिला," ते म्हणाले. "एक तुकडा घेतला, उलटा केला, मोडला, पुन्हा समेवर आला. याला शिकवलं कोणी?"

कायदा म्हणजे तबल्यातला एक बांधीव प्रकार, एकच बोल हजार तऱ्हांनी फिरवायचा. बाबांच्या तोंडून तो शब्द मी दोन वर्षांत ऐकला नव्हता. गाडीत बसल्यावर त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवून मनगट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "त्या पोराची बोटं पाहिली? सगळी एकत्र होती. मनगटावर खेळ आहे सारा." आणि घर येईपर्यंत हेच त्यांनी आणखी दोनदा सांगितलं. मला काय सांगताहेत ते कळलं. घरी आल्या आल्या मी एक्सेल उघडलं.

पहिली चूक तिथेच झाली. मी यादी किमतीच्या चढत्या क्रमानं लावली आणि वरून पहिली वस्तू मागवली. लाल रंगाची, सूटकेससारखी उघडणारी, दिसायला गोजिरवाणी. बाबांनी तबकडीवर हात ठेवला आणि अख्खं यंत्रच थांबलं. हात सोडला तर सुई टुणकन उडी मारून मधोमध जाऊन पडली.

"माझा हात जड आहे," बाबा लगेच म्हणाले.

हात जड नव्हता. आतली मोटर एका रबरी पट्ट्यानं तबकडीखालची ताटली फिरवत होती, आणि तो पट्टा माझ्या पायजम्याच्या नाडीइतकाही मजबूत नव्हता. ते यंत्र जेवताना मंद गाणी ऐकायला केलेलं होतं. पण मला राग आला तो मोटरीचा नाही, बाबांच्या त्या वाक्याचा. ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात घडवले, तो काहीही बिघडलं की आधी स्वतःच्या हाताला आरोपी करत होता.

वस्तू परत करायची म्हटल्यावर बाबांना घाम फुटला. वापरलेली वस्तू दुकानदाराला परत द्यायची हे त्यांना चोरीच्या जवळपासचं वाटत होतं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दुकानात आले आणि ग्रीटिंग कार्डांच्या रॅकमागे तोंड लपवून उभे राहिले. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता पैसे परत केले. "काहीच विचारलं नाही?" बाबा बाहेर येऊन म्हणाले. त्यांना थोडी निराशाच झाली असावी. त्यांनी उत्तर तयार ठेवलं होतं.

मग आम्ही शेजारच्या टेंपीला एका जुन्या वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई साठीच्या, पांढऱ्या केसांची लांब वेणी, दोन्ही दंडांवर गोंदलेली फुलं. मी माझा कागद काढून प्रश्न विचारायला लागलो, तर त्यांनी मला हातानं थांबवलं, बाबांकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "हात दाखवा बघू."

डॉक्टर सोडले तर दोन वर्षांत बाबांना कोणी हात दाखवायला सांगितलं नव्हतं. त्यांनी दोन्ही तळवे काउंटरवर ठेवले. मग उजवा उचलून, बोटं हलवून, आपल्या नागपुरी इंग्रजीत सगळी हकिगत सांगितली. बाईंनी नीट ऐकून घेतली आणि मला दहा मिनिटांत जे सांगितलं ते माझ्या एक्सेलच्या चाळीस ओळींत कुठेही नव्हतं.

शिकायला दोन टर्नटेबलं लागत नाहीत, एक पुरतं. पण ते असं हवं की मोटर थेट ताटलीखाली बसलेली असेल, पट्टा नको. वरची तबकडी हातानं धरली तरी खालची ताटली फिरत राहिली पाहिजे. लॅपटॉपला जोडायचा प्लॅस्टिकचा कंट्रोलर स्वस्त होता, पण त्याच्यावरच्या चकत्या आपण होऊन फिरत नव्हत्या. बाबांनी एकीला बोट लावलं आणि म्हणाले, "ही झोपलेली आहे." एक छोटं, सगळं एकातच असलेलं यंत्र मला फार आवडलं, अर्थात किमतीमुळे. बाईंनी मान हलवली. त्यात फेडर उजवीकडे पक्का बसवलेला होता. फेडर म्हणजे बोटभर लांबीच्या खाचेत आडवी सरकणारी छोटी दांडी. एका टोकाला नेली की आवाज सुटतो, दुसऱ्या टोकाला नेली की तुटतो. एक हात तबकडीवर, दुसरा फेडरवर. नाजूक काम फेडरचं, आणि बाबांचा शाबूत हात डावा. म्हणजे टर्नटेबल वेगळं आणि मिक्सर, म्हणजे फेडरची पेटी, वेगळा घ्यायचा, आणि मिक्सर डावीकडे मांडायचा.

"डग्ग्याचा हात," बाबा खूश होऊन म्हणाले. "बेस्ट."

मिक्सर जुना चालेल, बाई म्हणाल्या, पण ज्याचा फेडर काढून बदलता येतो असाच घ्या. फेडरही दोन तऱ्हांचे होते. एक साधा, ज्यात धातूची जीभ पट्टीवर घासते, तो झिजतो. दुसरा चुंबकाचा, ज्यात काहीच कशाला घासत नाही. पण त्याची किंमत जवळजवळ मिक्सरइतकी. मी कुठला घेतला हे सांगायची गरज नसावी. "चालेल," बाई म्हणाल्या. "गेला की या. चार स्क्रू आहेत फक्त."

स्पीकर माझ्या जुन्या कॉम्प्युटरचे निघाले. तबकडी सटकन सरकावी म्हणून तिच्याखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते, तीही सेकंडहँड मिळाली. ती अडत होती, म्हणून बाबांनी बायकोचा बटर पेपर गोल कापून खाली घातला आणि तबकडी लोण्यावरून फिरल्यासारखी फिरायला लागली. बायकोनं आधी "माझा बटर पेपर?" म्हणून आरडाओरडा केला, मग स्वतःच दुसरा गोल कापून दिला. "घरात आता दोन मिक्सर झाले," ती म्हणाली, "आणि तुझ्या बाबांचा जास्त ओरडतो."

गॅरेजमध्ये, पाण्याचा हीटर आणि सायकली यांच्या मधे, बाबांचा नवा क्लास सुरू झाला. विद्यार्थी एक, गुरू तोच. चार वाजता, बायकोच्या ऑफिसच्या मीटिंगा संपल्या की, ते तोंड धुऊन धुतलेला शर्ट घालत, तबकडीला हात लावून नमस्कार करत आणि सुरू होत. शिकाऊ लोकांच्या तबकडीवर एक आवाज हमखास असतो, नुसताच लांबलचक "आऽऽ". बाबा म्हणाले, "हा तर आकार आहे. गवयाला पहिल्या दिवशी हाच देतात." मग तोंडानं 'धा धा तिरकिट' म्हणत त्या आकाराचे ते तुकडे पाडायला लागले. सुटीच्या दिवशी मी चारच्या सुमारास फोनवर असलो की पलीकडचे लोक विचारत, "तुमच्याकडे बांधकाम चालू आहे का?"

पण डिसेंबरच्या मध्यावर ते बांधकाम राहिलं नव्हतं. त्यात ठेका आला होता. कुत्रा घेऊन फिरणारे शेजारी आमच्या उघड्या गॅरेजसमोर थांबायला लागले. बाबा नागपूरच्या जुन्या विद्यार्थ्यांना व्हिडिओ कॉल करून तुकडे ऐकवत. एकदा मी ऑफिसातून आलो तर ते दोन्ही हात वर करून उभे होते आणि ओरडले, "चक्रदार बसला बे! तुकडा तीनदा घेतला अन्‌ बरोबर समेवर आला!" बाबांनी मला 'बे' म्हटलेलं मी कित्येक वर्षांनी ऐकलं. त्या दिवशी मला जे वाटलं ते सरळ सांगतो: माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली खरेदी ही होती.

जानेवारीत सगळं बदललं. बाबा चारऐवजी साडेचारला जायला लागले, पाच मिनिटांत परत यायला लागले, आणि मग जाईनासेच झाले. जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताची बोटं वाजवत बसत. एकदा पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी डाव्या हातात धरून ते तिच्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, कंटाळलेत. खरं काय होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगतो. बाबा जिथे आवाज सोडत होते तिथे तो सुटत नव्हता, आणि तोडत होते तिथे तुटत नव्हता. त्यावरून त्यांनी ठरवलं होतं की आता डावा हातही चालला, आणि वाटीतलं पाणी हिंदकळतं का ते बघून ते त्याचीच परीक्षा घेत होते.

आणि हे ते मला सांगणार नव्हते. परदेशी मुलांकडे आलेल्या सगळ्या आईवडिलांसारखे बाबाही विमानातून एक शपथ घेऊन उतरले होते: इथे आजारी पडायचं नाही. प्रवासी विमा जुन्या दुखण्याला पैसे देत नाही हे इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकांनी त्यांना रंगवून सांगितलं होतं. तेव्हा गुपचूप नागपूर गाठायचं आणि आपल्या डॉक्टरला दाखवायचं, असा त्यांचा बेत होता.

"माझं तिकीट अलीकडे घे," ते एका रविवारी सकाळी म्हणाले. "थंडी सोसत नाही."

चँडलरच्या जानेवारीत दुपारी मी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडतो. माझं डोकं सटकलं. "बाबा, थंडी कुठे आहे? स्पष्ट सांगा ना, कंटाळा आला म्हणून. इतकं रिसर्च केलं, सामान घेतलं, आणि तीन महिन्यांत हौस फिटली?"

बाबांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. "हो," ते म्हणाले. "फिटली."

मी ताडताड गॅरेजमध्ये गेलो. ठरवलं, सगळं आजच विकायला टाकायचं. फोटो काढले, आणि विकायचं तर चालतंय की नाही बघावं म्हणून यंत्र सुरू केलं. माझा हात संगीताच्या बाबतीत लाकडाचा आहे, म्हणून तबकडीला मी हातच लावला नाही. 'आऽऽ' नुसतं चालू ठेवलं आणि फेडर एका बोटानं, अगदी सावकाश, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवला. आवाज मधेच गेला. पुन्हा आला, खरखरला, गेला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मी चार स्क्रू काढले आणि फेडर फोनच्या उजेडात धरला. आत, पट्टीवर, पांढऱ्या पिठासारखा थर बसला होता.

मी काय काम करतो ते इथे सांगायला हवं. मी कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे, आणि हवेतला धुळीचा एक कण चिपवर बसला तर तो कुठून आला हे शोधणं, एवढंच माझं काम आहे. आमच्या क्लीनरूममध्ये डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून जावं लागतं, आणि अंगाला पावडर लावलेल्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. पंधरा वर्षं मी हे करतोय. हीटरजवळच्या फळीवर, मिक्सरपासून हातभर अंतरावर, टाल्कम पावडरचा गुलाबी डबा तीन महिने उभा होता आणि मला तो दिसला नव्हता.

तबलजी वाजवण्याआधी हाताला पावडर लावतात. बोट शाईवरून, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलावरून, घसरावं, घामानं अडकू नये म्हणून. बाबांनी चाळीस वर्षं लावली, इथेही रोज चार वाजता लावली, आणि त्यांना स्वतःलाही ते कळलं नसेल. डाव्या हाताची सगळी पावडर त्या खाचेतून खाली झिरपत गेली होती.

मी फेडर हातात घेऊन आत धावलो. बाबा खिडकीशी बसले होते. "बाबा, हे बघा! यंत्र बिघडलंय. तुमची पावडर आत गेली. आवाज त्यामुळे तुटत होता!"

बाबांनी फेडर घेतला नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे... हात नाही?"

"कुठला हात?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. वाटीचं, विम्याचं, नागपूरच्या डॉक्टरचं. "इथलं बिल तुझ्या घरादारावर आलं असतं रे," ते म्हणाले. ऐकता ऐकता मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी त्यांच्यासमोर जमिनीवरच बसलो. सकाळी मी त्यांना काय बोललो होतो ते आठवून डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी पुसलं नाही. बायकोनं मात्र आमचं रडं फार चालू दिलं नाही. तिनं नागपूरच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी व्हिडिओवर बाबांकडून हात वर करवले, नाकाला बोट लावून घेतलं, हसून दाखवायला सांगितलं. "एकदम ठणठणीत," डॉक्टर म्हणाले. "तिकडेच राहा, इकडे खरी थंडी आहे."

दुपारी आम्ही तिघं टेंपीला गेलो. दुकानातल्या बाईंनी जुना फेडर नाकाशी नेला, हुंगला आणि काउंटरला धरून हसत सुटल्या. मी एक्सेल उघडलं नाही. चुंबकाचा फेडर काढायला सांगितला आणि किंमत न बघता कार्ड पुढे केलं. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

"यांना विचार," बाबा हळूच म्हणाले, "यात पावडर चालेल काय?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, यात काही घासतच नाही, तेव्हा काही अडायचंही नाही. महिन्याला एकदा फडक्यानं पुसा.

घरी येऊन मी नवा फेडर बसवला. बाबांनी शर्ट बदलला, तबकडीला नमस्कार केला, फळीवरचा गुलाबी डबा घेतला, आणि झाकण उघडता उघडता शाळकरी मुलासारखं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "लावा." त्यांनी दोन्ही हातांना भरपूर पावडर लावली आणि सुरू केलं. सुरुवातीला हळू, अंदाज घेत. मग 'आऽऽ' धारदार तुकड्यांत पडायला लागला, जिथे हवा तिथे सुटायला, जिथे हवा तिथे तुटायला. बाबा तोंडानं बोल म्हणत होते, कुत्रा घेऊन आलेले शेजारी रस्त्यातच उभे होते, आणि बायको गॅरेजच्या पायरीवर बसून मांडीवर टाळ्या देत होती. बाबा समेवर आले आणि थांबले.

त्यांनी डावा हात फेडरवरून उचलून डोळ्यांसमोर धरला. पावडरीनं पांढरा झालेला, बोटं पसरलेली. मला वाटलं, आता ते मला तिकिटाबद्दल काही सांगणार. पण ते माझ्याशी बोलत नव्हते.

"माफ कर," ते त्या हाताला म्हणाले. "तुझ्यावर उगाच संशय घेतला."